परक्या धान्याला घरची चव

इन्स्टंट रामेन, म्हणजे झटपट शेवया, जन्मल्या त्या टंचाईच्या आठवणीतून. महायुद्धानंतरची उपासमार पाहिलेल्या मोमोफुकु आंदो यांनी १९५८ मध्ये जपानात त्या तळून कोरड्या केल्या. १९६३ मध्ये त्या कोरियात पोचल्या. तिथेही तांदूळ अपुरा होता आणि गहू बराचसा अमेरिकी मदतीचा. कोरियन गृहिणींनी त्या परक्या पाकिटाला किमची, कांद्याची पात, अंडे घालून घरचे केले.

धाराशिव जिल्ह्याला हे नवे नाही. १९७२ च्या दुष्काळात आपणही अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्ली आणि ती घशाखाली उतरली ती घरच्या तिखटामुळे.

कोरियाचे गोचुजांग म्हणजे मिरची, चिकट तांदूळ आणि आंबवलेले सोयाबीन. आपला येसूर म्हणजे मसाला आणि भाजून दळलेले धान्य. दोन्हींतल्या धान्याने रसाला दाटपणा येतो. मिरची तर दोघांकडेही अमेरिका खंडातूनच आली.

म्हणून पाकिटातली पुडी अर्धीच टाकावी. लसूण परतून चमचाभर गोचुजांग घालावे, शेवटी अंडे फोडावे. गोचुजांग नसेल तर पाण्यात कालवलेला येसूर चालतो. मिळेल त्या धान्याला आपली चव देण्याची ही रीत आपल्या आज्यांनी बहात्तर साली चुलीपुढे निभावली होती.