सोळा हजार होन आणि घरातला वजनकाटा

इ. स. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने सुवर्णतुला झाली. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तेव्हा गडावर उपस्थित होता. तुलेला सुमारे १६,००० पगोडा लागले, अशी नोंद त्याने करून ठेवली. युरोपीय व्यापारी होनाला पगोडा म्हणत. आता या नोंदीवरून महाराजांचे वजन किलोग्रॅममध्ये काढू पाहा. शिवराई होन सुमारे २.८ ग्रॅमचा धरला तर उत्तर येते ४५ किलो. दक्षिणेत चालणारा सुमारे ३.४ ग्रॅमचा होन धरला तर ५४ किलो. तुला एकच, नोंद एकच, तरी उत्तरांत नऊ किलोंचे अंतर पडते. वजनाचा आकडा कशाच्या तुलनेत आणि कोणत्या परिस्थितीत मिळाला, हे ठाऊक नसेल तर तो आकडा फारसे काही सांगत नाही. आपल्या घरातल्या वजनकाट्यालाही हाच नियम लागू आहे.

या प्रश्नाचा पहिला भाग परिमाणाचा होता आणि तो सुटायला भारताला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. इंग्रजी अमदानीत मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोंचा होता. बंगालचा मण ८२ पौंडांहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे ३७.३ किलोंचा. मुंबई–हावडा लोहमार्गाच्या दोन टोकांना मण या एकाच शब्दाचा अर्थ जवळजवळ तिपटीने बदलत होता. त्याच मार्गावर रायपूर आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आलेल्या या छत्तीसगड प्रदेशात खंडी हा शब्द आपल्यासारखाच रुळलेला आहे. मात्र मुंबईकडची खंडी वीस मणांची, तर छत्तीसगडची वीस काठ्यांची. आणि काठा हे धान्य भरून मोजण्याचे माप. एकीकडे तोलणे, दुसरीकडे मापणे. नाव मात्र तेच.

१९५६ च्या वजन-मापे प्रमाण कायद्याने हा गोंधळ संपवायला आरंभ केला. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली. भारताचा प्रमाण किलोग्रॅम म्हणजे प्लॅटिनम-इरिडियमचा ५७ क्रमांकाचा ठोकळा, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जपलेला. पॅरिसजवळचा मूळ ठोकळा आणि त्याच्या प्रतिकृती यांच्यात शंभर वर्षांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडल्याचे आढळले, तेव्हा ठोकळ्यावरचा भरवसाही डळमळला. अखेर २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांक स्थिरांकाच्या आधारे केली जाऊ लागली. आज रायपूरच्या गुढियारीतील घाऊक बाजारात धान्याचे पोते ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढते, त्याची वैधमापन कायद्यानुसार ठराविक काळाने पडताळणी होऊन त्यावर शिक्का बसावा लागतो. त्याच वस्तीतल्या घरी पलंगाखाली सरकवून ठेवलेला काटा तपासायला मात्र कोणी निरीक्षक येत नाही. ते काम घरच्यांनीच करायचे आहे.

प्रश्नाचा दुसरा भाग उपकरणाचा. रायगडच्या तुलेत दोन पारडी होती. पृथ्वीचे आकर्षण दोन्ही पारड्यांवर सारखेच असल्यामुळे जागा बदलली तरी तुला बदलत नाही. घरगुती काट्याला दुसरे पारडे नसते. जुन्या काट्यात स्प्रिंग दबते. नव्या काट्यात धातूची पट्टी अतिसूक्ष्म वाकते आणि तिच्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो. ही विकृतिमापक तार १९३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी स्वतंत्रपणे शोधली. असा काटा वस्तुमान थेट मोजत नाही. तो पृथ्वीची ओढ मोजतो आणि तिचे किलोग्रॅममध्ये रूपांतर करून दाखवतो.

ही ओढ सर्वत्र सारखी नाही. रायगडच्या तुलेच्या दोनच वर्षे आधी, १६७२ मध्ये, फ्रेंच ज्योतिर्विद झाँ रिशे दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे गेला होता. पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ विषुववृत्ताजवळच्या त्या गावी दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. विषुववृत्ताकडे गुरुत्वाकर्षण क्षीण होते, याचा तो पहिला स्पष्ट पुरावा ठरला. हाच हिशेब काट्याला लावला तर लंडनमध्ये अचूक जुळवलेला काटा रायपुरात ६० किलोंच्या माणसाचे वजन सुमारे १६० ग्रॅम कमी दाखवील.

हा दोष चिंतेचा नाही, कारण तो रोज तेवढाच राहतो. येथे अचूकता आणि सातत्य या दोन गुणांतील भेद कळतो. काटा सदैव अर्धा किलो अधिक दाखवत असेल तर तो अचूक नाही. तरीही महिन्याभरात वजन किती घटले, हे तो बरोबर सांगेल. आज अधिक आणि उद्या उणे दाखवणारा काटा मात्र निरुपयोगी होय. घरी आपल्याला मुख्यतः सातत्य हवे असते आणि ते परिस्थिती स्थिर ठेवल्याने मिळते. काटा फरशीवर, एकाच जागी ठेवावा. चटई किंवा गादीवर त्याचा तळ नीट टेकत नाही. जागा हलवल्यास एकदा हलका पाय देऊन आकडा शून्यावर येऊ द्यावा. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन मध्यभागी स्थिर उभे राहावे.

सातत्याची परीक्षा सोपी आहे. झाकण घट्ट लावलेला, पाण्याने भरलेला कॅन दहा वेळा काट्यावर ठेवा आणि प्रत्येक आकडा लिहा. मात्र दर दोन नोंदींच्या मध्ये निराळ्या वजनाची वस्तू ठेवा. याचे कारण असे, की कित्येक इलेक्ट्रॉनिक काटे मागचा आकडा स्मरणात ठेवतात आणि नवा आकडा त्याच्या जवळपास असला तर जुनाच पुन्हा दाखवतात. ते सातत्य दिखाऊ असते. दहा नोंदींत ३०० ग्रॅमचे अंतर पडत असेल, तर शरीराचे वजन २०० ग्रॅमने उतरल्याचा आनंद किंवा चढल्याचे दुःख दोन्ही व्यर्थ आहेत.

काटा स्थिर झाला तरी शरीर स्थिर नसते. इटालियन वैद्य सांतोरिओने तराजूला टांगलेल्या आसनावर बसून अनेक वर्षे स्वतःचे वजन घेतले आणि १६१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसाला आठ पौंड अन्नपाणी घेतले तर त्यांतील सुमारे पाच पौंड नकळत, श्वास आणि त्वचेवाटे निघून जातात, असा त्याचा हिशेब होता. लिटरभर पाणी प्याले की वजन किलोभर वाढते. रायपूरच्या मे महिन्यात ते घामावाटे तितकेच उतरते. म्हणून वजन सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी आणि सारख्याच वस्त्रांत घ्यावे. एका दिवसाची तुलना दुसऱ्या दिवसाशी न करता सात दिवसांची सरासरी आधीच्या सात दिवसांच्या सरासरीशी ताडावी.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटेल. हृदयाचे कार्य दुर्बल झालेल्या रुग्णांना डॉक्टर रोज वजन नोंदवायला सांगतात. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाली तर शरीरात पाणी साचत असल्याचा तो इशारा मानला जातो. अशा घरात काटा कधी फरशीवर, कधी सतरंजीवर ठेवला, कधी सकाळी तर कधी जेवणानंतर वापरला, तर खरा इशारा लक्षात येणार नाही किंवा उगीचच रुग्णालय गाठावे लागेल. किलोग्रॅम आता निसर्गाच्या स्थिरांकाला बांधलेला आहे. काट्याची जागा आणि वजनाची वेळ बांधून घेण्याचे काम घरातल्यांकडे उरले आहे.