आभासी विश्वातील बहिष्कार : लॅम्डामूचा अनुभव (१९९०–१९९६)

वाळीत टाकणे, पंक्तीबाहेर बसवणे, रोटीबेटी व्यवहार तोडणे, जातीबाहेर काढणे : मराठी समाजजीवनात बहिष्कारासाठी शब्दांची वाण नाही. या साऱ्या प्रकारांना मिळून जो वादविषय होत असे, त्याला ‘ग्रामण्य’ अशी स्वतंत्र संज्ञा होती. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१९ साली ग्रामण्यांचा इतिहास स्वतंत्र ग्रंथाचा विषय केला, यावरून या संस्थेचे महत्त्व ध्यानात येते. पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये ऑक्टोबर १८९० मध्ये घेतलेल्या चहावरून उद्भवलेले ग्रामण्य सर्वपरिचित आहे. त्यात लोकमान्य टिळक आणि न्या. रानडे हे दोघेही आरोपीच्या स्थानी होते. शंकराचार्यांनी नेमलेल्या मंडळापुढे चौकशी झाली आणि १८९२ मध्ये न्या. रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. दोष कोणता, तो ठरवणार कोण, आरोपीने आपले म्हणणे कोठे मांडायचे आणि परत पंक्तीला बसायचे तर काय करायचे, या चारही प्रश्नांची उत्तरे त्या व्यवस्थेजवळ होती. ती उत्तरे न्याय्य होती असे मुळीच नव्हे. जन्मामुळेच ज्यांना बाहेर ठेवले गेले होते, त्यांच्यासाठी कोणतेही प्रायश्चित्त नव्हते आणि कोणतीही परतीची वाट नव्हती. तरीही बहिष्कार ही एक कार्यपद्धती आहे, तिला आरंभ, मध्य आणि शेवट असतो, ही जाणीव तेथे होती.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत संगणकांच्या जाळ्यावर माणसांचे नवे समूह उभे राहिले. त्यांना ना गाव होते, ना जात, ना पंचायत. परंतु नकोशा माणसाचे करायचे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढेही अल्पावधीतच उभा राहिला. तो त्यांनी कसा हाताळला, याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ‘लॅम्डामू’ या आभासी विश्वाचा १९९० ते १९९६ या काळातील इतिहास होय.

या विश्वाची वंशावळ इंग्लंडमध्ये सुरू होते. एसेक्स विद्यापीठातील रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी १९७८ मध्ये ‘मड’ नावाचा खेळ रचण्यास आरंभ केला. त्यात चित्रे नव्हती. सारे जग शब्दांचे होते. खेळाडू आज्ञा टंकलिखित करी आणि पडद्यावर वर्णन उमटे. खेळात प्रावीण्य मिळवून ‘विझर्ड’ म्हणजे मांत्रिक या पदाला पोहोचलेल्यांना इतरांवर असाधारण अधिकार मिळत. पुढे असे अनेक खेळ निघाले आणि खेळाडू या शब्दाचा अर्थ बदलत गेला. शत्रू मारण्यासाठी येणाऱ्यांपेक्षा गप्पा मारण्यासाठी आणि नवीन जागा रचण्यासाठी येणाऱ्यांची संख्या वाढली. मांत्रिकाची पदवी मात्र कायम राहिली. ती आता खेळ चालवणाऱ्या व्यवस्थापकांना लागू झाली.

कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करणारे पावेल कर्टिस यांनी १९९० मध्ये लॅम्डामू खुले केले. हे विश्व म्हणजे एक विस्तीर्ण घर होते आणि त्याची मूळ रचना कर्टिस यांच्या स्वतःच्या घरावरून घेतलेली होती. दिवाणखाना हे सर्वांच्या भेटीचे ठिकाण होते. येथे येणारा प्रत्येक जण स्वतःसाठी नाव, लिंग आणि रूप निवडत असे, खोल्या बांधत असे आणि वस्तू घडवत असे. आरंभी येथील वादांत कर्टिस आणि त्यांचे सहकारी मांत्रिक हेच पंच होते. तक्रार त्यांच्याकडे जाई आणि निर्णय तेच देत.

त्यांच्या हातातील सर्वांत कठोर शिक्षेचे नाव होते ‘टोडिंग’, म्हणजे बेडूक करणे. परीकथेतील चेटकी राजपुत्राला बेडूक करते, त्यावरून हे नाव आले. जुन्या खेळांत त्याचा अर्थही तेवढाच होता : अपराध्याचे वर्णन पुसून त्या जागी कुरूप बेडकाचे वर्णन ठेवायचे आणि चारचौघांत त्याची फजिती करायची. लॅम्डामूत मात्र या आज्ञेने त्या व्यक्तीचे रूप, वर्णन आणि खाते कायमचे नष्ट होई. नाव विनोदी राहिले आणि शिक्षा देहदंडाची झाली. याशिवाय ‘न्यूट’ या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या नावाने तात्पुरत्या हद्दपारीचीही आज्ञा होती. सामान्य खेळाडूच्या हाती यांपैकी काहीच नव्हते. त्याच्याजवळ ‘गॅग’ ही आज्ञा होती. ती दिली की त्रास देणाऱ्याचे शब्द देणाऱ्याच्या पडद्यावर उमटणे बंद होई. आज ज्याला ‘ब्लॉक करणे’ म्हणतात, त्याचे हे जुने रूप होय.

सदस्य वाढले तसे तंटे वाढले. अखेर कर्टिस यांनी डिसेंबर १९९२ मध्ये एक जाहीर निवेदन काढले. मांत्रिक यापुढे केवळ तंत्रज्ञ राहतील, यंत्रणा चालू ठेवणे एवढेच त्यांचे काम असेल आणि सामाजिक प्रश्नांचे निर्णय समाजाने स्वतः घ्यावेत, असा त्याचा आशय होता. सत्ताधीशाने आपण होऊन सत्तात्याग केला होता. परंतु त्या सत्तेचा वारस कोण, हे निवेदनात कोठेही सांगितलेले नव्हते.

या उणिवेची परीक्षा तीनच महिन्यांत झाली. मार्च १९९३ मधील एका रात्री ‘मिस्टर बंगल’ हे नाव धारण केलेला एक खेळाडू दिवाणखान्यात आला. त्याच्याजवळ एक छोटी संगणकीय क्लृप्ती होती. तिला ‘वूडू बाहुली’ म्हणत. मराठीत तिला करणीची बाहुली म्हणता येईल. तिच्या साहाय्याने त्याने इतरांच्या पात्रांच्या नावावर त्यांनी न केलेली कृत्ये सर्वांच्या पडद्यांवर उमटवली. ती कृत्ये लैंगिक अत्याचाराची आणि आत्मपीडनाची होती. त्याला दिवाणखान्यातून बाहेर काढल्यावरही तो दुसऱ्या खोलीत बसून हा प्रकार करीत राहिला. अखेर एका जुन्या खेळाडूने त्याला अभेद्य पिंजऱ्यात बंद केले, तेव्हा ते थांबले.

या घटनेनंतर पीडितांपैकी एकीने बंगलला बेडूक करण्याची जाहीर मागणी केली. ही स्त्री सिएटलमध्ये राहत होती. या प्रकाराबद्दल जाहीरपणे लिहिताना आपल्या डोळ्यांतून खरे अश्रू वाहत होते, असे तिने पुढे सांगितले. येथे शरीराला इजा झाली नव्हती, मालमत्ता गेली नव्हती. जे घडले ते शब्दांत घडले होते. पण जेथे माणसाचे सारे अस्तित्वच शब्दांचे आहे, तेथे शब्दांनी केलेली विटंबना ही अस्तित्वाचीच विटंबना ठरते, हे तिच्या मागणीमागील तर्कशास्त्र होते. काहींनी तिला ‘गॅग’चा उपाय सुचवला. त्यातील अपुरेपणा लगेच दिसून आला. गॅग केल्याने पीडितेला दिसणे बंद होते, पण भोवतालच्या सर्वांना ते दिसतच राहते. स्वतः डोळे मिटले म्हणून चावडीवरची बदनामी थांबत नाही.

मागणीला पाठिंबा वाढत गेला. मात्र ती अंमलात कोण आणणार? मांत्रिकांनी तर हात वर केले होते. घटनेनंतर तिसऱ्या दिवशी एका खोलीत सभा भरली. कायद्याचे नियम आधी करावेत असे म्हणणारे होते, मांत्रिकांनी पुन्हा राज्य हाती घ्यावे असे म्हणणारे होते, प्रत्येकाने आपले संरक्षण आपण करावे असे म्हणणारे होते आणि कोणतीच सत्ता नको असे म्हणणारेही होते. मध्येच स्वतः बंगल तेथे आला. त्याने पश्चात्ताप दाखवला नाही. कोणताही निर्णय न होता सभा पांगली. त्याच रात्री सभेला हजर असलेल्या एका मांत्रिकाने एकट्याच्या जबाबदारीवर आज्ञा दिली आणि बंगलचे खाते नष्ट झाले.

पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी ‘व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात डिसेंबर १९९३ मध्ये ‘अ रेप इन सायबरस्पेस’ हा लेख लिहून हे प्रकरण जगापुढे मांडले. त्यातील दोन उत्तरघटना बहिष्काराच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाच्या वाटाव्यात. पहिली ही की, थोड्याच दिवसांत नव्या नावाचा एक खेळाडू तेथे दिसू लागला आणि तो बंगलच असल्याचे अनेकांनी ओळखले. नवे खाते काढण्यास कोणतीच आडकाठी नव्हती. दुसरी गोष्ट डिबेल यांना पुढे समजली. ते खाते एका विद्यापीठाच्या वसतिगृहातील अनेक विद्यार्थी मिळून वापरत होते. याचा अर्थ असा की, ज्याला देहदंड झाला तो मेला नव्हता आणि तो ‘एक’ही नव्हता. गावातून घालवलेल्या माणसाचा चेहरा शेजारच्या गावालाही ठाऊक असे. येथे हद्दपारी नावाची होती, माणसाची नव्हती.

प्रवासाहून परतलेल्या कर्टिस यांनी या अनुभवातून धडा घेतला. सदस्यांनी अर्ज करावा, पुरेशा सह्या मिळाल्या की त्यावर मतदान व्हावे आणि विरोधी मतांच्या किमान दुप्पट मते अनुकूल असतील तर मांत्रिकांनी तो निर्णय अंमलात आणावा, अशी पद्धत त्यांनी घालून दिली. पुढे तंटे सोडवण्यासाठी सदस्यांतूनच लवाद नेमण्याची व्यवस्था आली. शब्दांच्या या घरात आता विधिमंडळ आणि न्यायसभा दोन्ही अवतरल्या. परंतु वाद मिटले नाहीत. लवादांच्या अधिकारावरून नवे वाद उभे राहिले. मे १९९६ मध्ये मांत्रिकांनी दुसरे निवेदन काढले. तांत्रिक आणि सामाजिक यांच्यातील सीमारेषा आखणे अशक्य असल्याचे त्यात मान्य करण्यात आले आणि सामाजिक परिणाम होतील असे निर्णय मांत्रिक यापुढे घेतील, असे सांगण्यात आले. साडेतीन वर्षांपूर्वी सोडलेली सत्ता त्यांनी उघडपणे पुन्हा स्वीकारली.

या घटनाक्रमाचा अर्थ लोकशाहीचा पराभव असा लावला जातो. तो अपुरा आहे. १९९२ मध्ये सत्ता सोडली गेली हेच मुळी खरे नव्हते. खाते नष्ट करण्याची आज्ञा ज्याच्या हाती आहे, त्याने ती वापरणार नाही असे म्हटले तरी ती त्याच्याच हाती राहते, आणि मौन हादेखील एक निर्णय असतो. बंगल प्रकरणात हेच दिसून आले. सत्ता नाकारली गेली, पण नाहीशी झाली नाही. ती केवळ नियमांवाचून उरली आणि एका रात्री एका माणसाने ती वापरली.

पुढील काळात आभासी विश्वे कंपन्यांच्या मालकीची झाली आणि मांत्रिकाची जागा सेवाशर्तींनी घेतली. ‘सेकंड लाइफ’ या विश्वात जमीन खरेदी करणाऱ्या एका सदस्याचे खाते २००६ मध्ये कंपनीने गोठवले. त्याने पैसे देऊन घेतलेली आभासी मालमत्ताही त्याबरोबर अडकली. ‘ब्रॅग विरुद्ध लिंडन रिसर्च’ या नावाने गाजलेल्या खटल्यात पेनसिल्व्हेनियातील संघीय न्यायालयाने २००७ मध्ये सेवाशर्तींतील लवादाचे कलम एकतर्फी असल्याने अंमलात आणण्यास नकार दिला. पुढे तडजोड झाली. याच्या उलट मार्ग इंग्रजी विकिपीडियाने घेतला. तेथे आरंभी हद्दपारीचे निर्णय संस्थापक जिमी वेल्स घेत. २००४ च्या आरंभापासून ते काम सदस्यांच्या लवाद समितीकडे आले. ‘ब्लॉक’ म्हणजे तांत्रिक अडवणूक आणि ‘बॅन’ म्हणजे समाजाचा निर्णय, असा भेद तेथे केला जातो आणि दोन्हींविरुद्ध दाद मागता येते. जानेवारी २०२१ मध्ये फेसबुकने डोनाल्ड ट्रम्प यांचे खाते बेमुदत बंद केले, तेव्हा त्याच कंपनीने स्थापलेल्या देखरेख मंडळाने मे महिन्यात बंदी उचलून धरली. मात्र ‘बेमुदत’ ही शिक्षा नियमांत कोठेच नाही, असा ठपकाही ठेवला. भारतात २०२३ पासून केंद्र सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समित्यांकडे अशा निर्णयांविरुद्ध जाता येते.

महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यानुसार वाळीत टाकणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा ठरला. जात जन्माने येते आणि आभासी समूह निवडीने मिळतो, त्यामुळे दोहोंना एकच माप लावणे योग्य होणार नाही. पीडितेच्या संरक्षणासाठी कोणाला तरी बाहेर काढण्याचा अधिकार समूहाजवळ असावाच लागतो, हे लॅम्डामूच्या दिवाणखान्याने दाखवून दिले आहे. परंतु उपजीविका, ओळख आणि सार्वजनिक वाणी जसजशी या विश्वांत स्थलांतरित होते, तसतसा निवडीचा तो भेद पुसट होत जातो. अशा वेळी जुन्या ग्रामण्याचे चार प्रश्न पुन्हा विचारावे लागतात. त्यांतील पहिल्या तिघांची उत्तरे शोधण्यात तीन दशके गेली. चौथा प्रश्न परतीच्या वाटेचा आहे. बंगलला ती वाट कोणी दाखवली नाही, म्हणून तो नाव बदलून मागच्या दाराने आला. बहिष्कृताला पुढच्या दाराने परत येण्याची रीत ज्या समूहाने ठरवलेली नाही, त्याने न्याय केला असे म्हणता येत नाही. त्याने केवळ दार लावले, एवढेच म्हणता येते.