रेणुखंडन, इलेक्ट्रॉन-आघातजन्य

वेगवान इलेक्ट्रॉनाच्या आघाताने वायुरूप रेणूचा धन आयन बनतो, तेव्हा त्या आयनाचे तुकडे होण्याची प्रक्रिया. द्रव्यमान वर्णपटमापकात अतिविरळ वायूवर तापलेल्या तंतूतून निघालेले इलेक्ट्रॉन सोडतात. त्यांची ऊर्जा रूढीने ७० इलेक्ट्रॉन व्होल्ट (इ. व्हो.) ठेवतात, या टप्प्यात ती थोडी कमीजास्त झाली तरी आयनांचे उत्पादन फारसे बदलत नाही.

इतिहास : आर्थर डेम्प्स्टर (१९१८) व वॉल्टर ब्लीकनी (१९२९) यांचे आयनस्रोत पायाभूत.

यंत्रणा : असा इलेक्ट्रॉन लहान रेणूला सुमारे १०⁻¹⁶ सेकंदात ओलांडून जातो. तेवढ्यात अणुकेंद्रे हलत नाहीत. आयन मूळ रेणूच्या घडणीतच जन्मतो आणि त्याच्यात राहिलेली जादा ऊर्जा बंध तोडते. मिथेनाचे आयनीभवन १२.६ इ. व्हो.ला होते, मिथिल आयन १४.३ला दिसू लागतो. अंतर जेमतेम १.७ इ. व्हो. असल्याने वर्णपटात (द्रव्यमान भागिले विद्युत् भार या आकड्यांवर) मिथिल आयनाचे १५चे शिखर अखंड मिथेन आयनाच्या १६च्या मूळ शिखराच्या जवळपास पोहोचते. त्याखाली १४, १३, १२ उतरत जातात. शेवटच्या दोन खंडांचे मार्ग एकाहून अधिक मानले जातात. नायट्रोजनात हेच अंतर १५.६ ते २४.३, म्हणजे सुमारे ८.७ इ. व्हो. आहे, त्याचा त्रिबंध सहजी तुटत नाही.

ओळख : वायुविश्लेषणात या विषयाचे खरे मोल येथेच आहे. नायट्रोजन, कार्बन मोनॉक्साइड व एथिलीन तिन्ही २८ला येतात. साध्या उपकरणाला केवळ त्या शिखरावरून त्यांतील भेद कळत नाही. तो खंड सांगतात : नायट्रोजनाचा १४, कार्बन मोनॉक्साइडचे १२ व १६, एथिलिनाचे ठळक २७ व २६. मात्र नायट्रोजनाच्या १४मध्ये दोन इलेक्ट्रॉन गमावलेला अखंड रेणूही मिसळलेला असतो. कार्बन डायऑक्साइड (४४) स्वतःच २८, १६ व १२ला खंड देतो, प्रत्येकी मूळ शिखराच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढे. मंगळयानावरील ‘मेन्का’ या उपकरणाने मंगळाच्या बाह्य वातावरणात ४४, २८ व १६ ही शिखरे नोंदली. अशा ठिकाणी कार्बन डायऑक्साइडच्या खंडांचा वाटा आधी वजा करावा लागतो, मगच ऑक्सिजन अणूंचे प्रमाण काढता येते.

ऋण आयन : मंद इलेक्ट्रॉन रेणूला चिकटूनही खंडन घडते, ती प्रक्रिया वेगळी.