रूपाधारित नगररचना नियमावली

रूपाधारित नगररचना नियमावली ही इमारतीच्या वापरापेक्षा तिचे बाह्य रूप आणि रस्त्याशी असलेले तिचे नाते यांना प्राधान्य देणारी नियमनपद्धती आहे. पारंपरिक विभागीकरणात जमिनीचे रहिवास, वाणिज्य, उद्योग, शेती असे विभाग पाडले जातात आणि चटई क्षेत्र निर्देशांकाने बांधकामाची मर्यादा ठरते. रूपाधारित पद्धतीत इमारत रस्त्यापासून किती अंतरावर असावी, मजले किती असावेत, तळमजल्याची दारे कोणीकडे उघडावीत, हे आधी ठरते. वापराचे नियम राहतात, पण सैल असतात. अमेरिकेतील मायामी शहराने २००९ मध्ये ‘मायामी २१’ ही नियमावली स्वीकारून जवळजवळ संपूर्ण शहराचे जुने विभागीकरण बदलले.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

संज्ञा नवी असली तरी कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नाही. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार विश्वस्त मंडळाने समोरच्या इमारतीची उंची आणि मधले अंतर यांची सांगड साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाने घातली होती. बॅलार्ड इस्टेटमध्ये जॉर्ज विटेट यांनी इमारतींच्या दर्शनी भागांत एकसूत्रीपणा राखला. पुढे मात्र निर्देशांकाचा आकडाच नियमनाचा केंद्रबिंदू झाला. २०२० मध्ये मंजूर झालेली राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीही मुख्यतः निर्देशांक, रस्त्याची रुंदी आणि सामासिक अंतरे यांवर आधारलेली आहे.

आकड्याने रूप ठरत नाही. १०,००० चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक १ असल्यास कुंपणाच्या मधोमध प्रत्येकी ५०० चौरस मीटरचे २० मजले उभारता येतात, किंवा रस्त्यालगत प्रत्येकी २,५०० चौरस मीटरचे चार मजले. निर्देशांकाच्या लेखी दोन्ही सारखेच. पायी चालणाऱ्याला मात्र एकीकडे कुंपणाची भिंत लागते, तर दुसरीकडे दुकाने व दारे.

माणमधील स्थिती

मुळशी तालुक्यातील माण येथे हा प्रश्न विशेष तीव्र आहे. हिंजवडीलगतच्या या गावात राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या क्षेत्रावर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे नियोजन चालते, तर उर्वरित क्षेत्र २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आले. परिणामी एकाच रस्त्यावर दोन नियमावल्या समोरासमोर येऊ शकतात. माण–हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाची पायाभरणी २०१८ मध्ये झाली. अशा मार्गाचा उपयोग स्थानकापर्यंत चालत जाता येण्यावर अवलंबून असतो, आणि निर्देशांक वाढवल्याने ते आपोआप साधत नाही.

माणमध्ये रूपाधारित नियमावली लागू नाही. तिच्या सर्वांत जवळ जाणारे साधन म्हणजे महाळुंगे–माण नगररचना योजना. सुमारे २५० हेक्टरांच्या या योजनेत वेड्यावाकड्या मूळ भूखंडांचे एकत्रीकरण करून रस्ते व सार्वजनिक जागा आधी आखल्या जातात आणि जमीनमालकांना नियमित आकाराचे अंतिम भूखंड परत दिले जातात. रस्त्यांचा सांगाडा असा निश्चित होतो. त्यावरील इमारतींचा दर्शनी भाग मात्र निर्देशांकाच्या नियमांवरच सोडला जातो.

गावठाणाचे नियम वेगळे आहेत. दाट वस्तीत कमी सामासिक अंतरे चालत असल्याने खाली दुकान व वर घर अशी रस्त्यालगतची बांधणी तेथे शक्य होते. गावठाणाची हद्द ओलांडताच तसेच घर बांधण्यासाठी त्याच शेतकरी कुटुंबाला भिंत रस्त्यापासून मागे घ्यावी लागते. लहान भूखंडावर त्यामुळे बांधकामास फारच थोडी जागा उरते.