हैदराबादहून हार्टचा व्हॉल्व्ह बदलून आल्यावर काय सांभाळायचं?

नांदेड, देगलूर, उदगीर, बीदर, आदिलाबाद या पट्ट्यातल्या हृदयरुग्णांना ऑपरेशनसाठी हैदराबाद जवळ पडतं. पंजागुट्ट्याचं निम्स असो की एखादा खासगी दवाखाना, सगळं सुरळीत असेल तर आठवडा-दहा दिवसांत सुट्टी मिळते. पुढची काळजी मात्र गावातच घ्यायची असते, आणि गडबड होते ती इथंच.

नेहमीच्या ऑपरेशनात छातीचं हाड मधोमध कापून स्टीलच्या तारेनं बांधतात. ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, पक्कं व्हायला जवळपास तीन महिने. तोवर घागर, पोतं, नातवंड काहीच उचलायचं नाही. मोटारसायकलही नाही. खोकला दाबू नका. छातीशी उशी घट्ट धरून खोका, नाहीतर कफ साठून न्यूमोनिया होतो. तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र बरेच जण फुंकतात. त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो. ‘पडून राहा, आराम कर’ हा पाहुण्यांचा सल्ला तर अजिबात ऐकू नका. रोज थोडं थोडं चालणं वाढवत न्यायचं.

सगळ्यात महत्त्वाची रक्त पातळ ठेवणारी गोळी. धातूचा व्हॉल्व्ह असेल तर ती जन्मभर. प्राण्याच्या ऊतीचा असेल तर बहुधा काही महिने. बरं वाटतंय म्हणून बंद केली तर व्हॉल्व्हवर गाठ धरते. जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून आयएनआर तपासणी: सुरुवातीला दर आठवड्याला, मग साधारण महिन्याला. आकडा धातूच्या महाधमनी व्हॉल्व्हला बहुधा २ ते ३, मायट्रलला २.५ ते ३.५; तुमचा कार्डावर लिहून घ्या. ही तपासणी जिल्ह्याच्या गावी होते. रिपोर्टचा फोटो हैदराबादच्या डॉक्टरांना पाठवून डोस विचारता येतो. वॉरफरिन आणि एसिट्रॉम ही वेगवेगळी औषधं आहेत, दुकानदारानं ‘एकच आहे’ म्हटलं तरी बदलू नका. मेथी-पालक सोडायची गरज नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवा. अंगदुखीच्या गोळ्या, झाडपाल्याची चूर्णं विचारल्याशिवाय नकोत. मूल हवं असलेल्या बाईनं दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. या गोळ्यांनी गर्भाला अपाय होऊ शकतो.

दात काढण्याआधी व्हॉल्व्ह बदलल्याचं सांगा. संधिवाताच्या तापानं व्हॉल्व्ह खराब झाला असेल तर पेनिसिलिनचं तीन आठवड्यांचं इंजेक्शन चुकवू नका.

ताप, जखमेतून पू, काळी शी, अचानक धाप, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं: यातलं काहीही दिसलं तर हैदराबादची गाडी शोधत बसू नका. कार्ड घेऊन आधी जवळचा मोठा दवाखाना गाठा.