दाढ दुखायची थांबली, म्हणजे बरी झाली का?

मागच्या महिन्यात आमच्या गटातली एक ताई गाल सुजलेल्या अवस्थेत बैठकीला आली. दाढ कित्येक महिने ठणकत होती. मिश्री लावून, लवंग धरून तिने दिवस काढले. मध्ये ठणका थांबला, तिला वाटलं बरं झालं. "गटातून अंतर्गत कर्ज घ्यायचं होतंस," मी म्हटलं. ती म्हणाली, "दाढेसाठी कुणी कर्ज काढतं का?"

आपण ‘दात किडला’ म्हणतो. दातात खरोखरची अळी असते, असं पूर्वी अनेक देशांत मानत. १७२८ मध्ये फ्रान्सच्या प्येर फोशार यांनी दातांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि अशी अळी आपल्याला आढळली नाही, असं सांगितलं. पुढे १८९० मध्ये विलोबी मिलर यांनी दाखवलं, की तोंडातले जंतू पिठूळ आणि गोड अन्नापासून आम्ल करतात आणि त्याने दात झिजतो.

मग शरीर काय करतं? १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांत गुलाबाचे काटे टोचले. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या! परक्या वस्तूला घेरून गिळणाऱ्या या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. या विषयातल्या कामासाठी १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर मिळालं.

दाढेच्या मुळाशीही हेच पहारेकरी जमतात. पण दातातली नस मेली की आतला रक्तपुरवठा बंद होतो. पेशी आत पोहोचत नाहीत, बाहेर मुळाच्या टोकाशी लढत राहतात. मेलेल्या पेशी आणि जंतू यांचा पू होतो. या लढाईत आजूबाजूचं हाडही झिजतं. एक्स-रेमध्ये तिथे काळा डाग दिसतो. नस मेल्यामुळे ठणका थांबतो, जंतू मात्र आतच असतात.

१९६५ मध्ये अमेरिकेत काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांच्या दाढा नसेपर्यंत कोरून उघड्या ठेवल्या. साध्या उंदरांची नस सडली, गळू झालं. जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या दाढा मात्र भरून आल्या. म्हणजे मूळ जंतूच. ते काढायचे तर दाढेचं मूळ साफ करून भरावं लागतं, नाहीतर दाढ काढावी लागते. नुसत्या वेदनेच्या गोळीने ते जात नाहीत.

ताईने शेवटी दाढ दाखवली. ती वाचली नाही, काढावी लागली. त्याच बैठकीत आम्ही ठरवलं, की दाताच्या उपचारालाही अंतर्गत कर्ज द्यायचं. मैत्रिणींनो, तुमच्या गटातही हा विषय काढा. आणि गाल सुजून ताप आला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर बैठकीची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.