जवसाचा घाणा आणि डब्यांतील तूप

यवतमाळ जिल्हा म्हटला कीं कापूस डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु वेचलेल्या कापसाच्या वजनांत रुई सुमारें एक तृतीयांश आणि सरकी सुमारें दोन तृतीयांश असते, ही गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. रुई मूर्तिजापूरच्या अरुंद लोहमार्गानें मुंबईकडे जाई. सरकी बहुधा गुरांच्या गव्हाणींत पडे. घरचें तेल निराळ्या पिकांचें असे. वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत रबीला जवस पिके, तेली तो लांकडी घाण्यांतून गाळी आणि तें तेल भाकरीबरोबर खाल्लें जाई.

सरकीच्या तेलाचें भाग्य उजळलें तें परदेशांत. जर्मन रसायनज्ञ विल्हेल्म नॉर्मान यानें १९०२ सालीं निकेलच्या साहाय्यानें पातळ तेलांत हायड्रोजन मिसळून तें थिजविण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. १९११ सालीं अमेरिकेंत सरकीच्या तेलाचें असें घट्ट स्निग्ध 'क्रिस्को' या नांवानें विक्रीस आलें. हिंदुस्थानांत १९३७ सालीं 'डालडा' आला, आणि साजूक तूप न परवडणाऱ्या घरांत पत्र्याच्या डब्यानें आपलें स्थान पक्कें केलें.

त्यावर वादळ उठलें. शेजारच्या वर्धा येथें, मगनवाडींत, १९३४ सालीं स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघानें सुधारलेल्या घाणीचा पुरस्कार केला. सेवाग्रामच्या गांधीजींनीं वनस्पति तुपास कडाडून विरोध केला. साजूक तुपांतील भेसळ ओळखतां यावी म्हणून वनस्पतींत तिळाचें तेल मिसळण्याची सक्ती झाली. कारण तिळाचें तेल रासायनिक कसोटीस लाल रंग देतें. मात्र वादाचा भर भेसळीवर आणि घाण्याच्या धंद्यावर होता. थिजविलेलें तेल शरीरांत काय करतें, याचा निर्णय प्रयोगशाळेंतच व्हावयाचा होता.

त्या निर्णयाचा पाया आधींच घातला गेला होता. १९२५ सालीं हॉलंडमधील गॉर्टर व ग्रेंडेल यांनीं रक्तपेशीचें आवरण स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचें असल्याचें मांडलें. १९२९ सालीं अमेरिकेंत बर दांपत्यानें स्निग्धांशरहित अन्नावर उंदीर पोसले. त्यांची वाढ खुंटली व त्वचा बिघडली. कांहीं स्निग्धाम्लें शरीरास स्वतः घडवितां येत नाहींत, तीं अन्नांतूनच मिळावीं लागतात, असें पुढें सिद्ध झालें. जवसाच्या तेलांत निम्म्याहून अधिक भाग अशाच एका अम्लाचा असतो.

या अम्लांच्या रेणूंत एक नैसर्गिक बांक असतो. त्यामुळें पेशीचें आवरण लवचिक राहतें. तेल अर्धवट थिजवितांना तो बांक कांहीं रेणूंत सरळ होतो. त्यासच 'ट्रान्स' स्निग्ध म्हणतात. १९९० सालीं मेन्सिंक व काटान या डच संशोधकांनीं दाखविलें कीं, त्यानें रक्तांतील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढतें आणि हितकारक घटतें. अखेर भारतांत जानेवारी २०२२ पासून तेलातुपांतील त्याचें प्रमाण शेंकडा दोनपर्यंत मर्यादित झालें.

म्हणून जुनें तें सर्वच चांगलें, असें मात्र नव्हे. जवसाचें तेल हवेनें लवकर खंवट होतें. थोडें व ताजें गाळून घेण्यांतच त्याचा गुण टिकतो. उलट महिनोन्‌महिने न बिघडणें हाच डब्याचा मोठा गुण मानला गेला, आणि तो ज्या प्रक्रियेनें आला तिनेंच दोषही आणला. तो दोष कळून त्यावर नियम होण्यास डालड्याच्या जन्मापासून पंचाऐंशी वर्षें जावीं लागलीं, एवढें गृहिणीनें लक्षांत ठेवावें.